एका म्यानात दोन तलवारी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण आपल्याकडे फार करून सासू-सुनांच्या संदर्भात वापरतात. एका कचेरीत दोन साहेब किंवा एका स्वयंपाकघरात दोन सुगरणी असल्या म्हणजे काय होते, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. संगणकशास्त्रातल्या मंडळींनी मात्र ही म्हण ऐकलेली दिसत नाही. त्यांनी एकाच यंत्रात दोन कारभारी नांदवण्याची युक्ती काढली आणि तिला 'ड्युअल बूट' असे नाव देऊन ते मोकळे झाले.

लॅपटॉपमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम नावाचा एक कारभारी असतो, हे आता घरोघरी ठाऊक आहे. कळ दाबली की अक्षर उमटवणे, कोणती फाइल कुठे ठेवली ते लक्षात ठेवणे, छपाईयंत्राशी बोलणे ही सारी कामे त्याची. बहुतेक घरांत हा कारभारी विंडोज असतो. दुसरा कारभारी लिनक्स. हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या 21 वर्षांच्या मुलाने 25 ऑगस्ट 1991 रोजी आपल्या ह्या उद्योगाची वार्ता जगाला दिली, तीही 'केवळ हौस म्हणून करतो आहे' अशा थाटात. ती हौस पुढे इतकी वाढली की आज जगातले मोठमोठे सर्व्हर तिच्यावर चालतात. ड्युअल बूटमध्ये हे दोघे एकाच डिस्कवर वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. एका वेळी जागा असतो एकच. यंत्र सुरू होताना 'आज कोणाला उठवू?' एवढेच ते आपल्याला विचारते.

ह्या उठवण्यालाच 'बूट होणे' म्हणतात. ह्यातला बूट पायातलाच बरे का! स्वतःच्याच बुटांचे पट्टे धरून स्वतःला वर उचलावे, असा इंग्रजीत एक अशक्य कोटीतला वाक्प्रचार आहे. त्यावरून हा शब्द आला. आपण 'स्वतःची शेंडी धरून स्वतःला उचलणे' म्हटले असते. यंत्राची अडचण खरोखरच तशी आहे. कारभारी उठल्याशिवाय काही चालत नाही, आणि काहीतरी चालल्याशिवाय कारभारी उठत नाही! मग त्याला उठवण्यासाठी दाराशी एक छोटासा पहारेकरी ठेवलेला असतो. आजची कथा ह्या पहारेकऱ्याची आहे.

माझी थोरली बहीण डोंबिवलीला असते. तिच्या घरचा लॅपटॉप 2012 सालचा. विंडोज 7 घेऊन आला आणि पुढे विंडोज 10 वर चढला. त्या विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला लागणारी सामग्री ह्या म्हाताऱ्या यंत्राच्या अंगी नव्हती. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या भाच्याने आईला सांगितले, "आई, मशीन फेकायचं नाही. लिनक्स टाकू, आणि तुझी विंडोजपण राहील." विचार वाईट नव्हता. जुन्या यंत्रांना अशा रीतीने दुसरा जन्म मिळतो, हे अगदी खरे आहे.

सुट्टीत त्याने विंडोजची जागा थोडी आवळली, मोकळ्या जागेत पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवले, आणि पंधरा दिवस दोन तलवारी एका म्यानात गुण्यागोविंदाने राहिल्या. नंतर लक्षात आले की लिनक्समध्ये घरचे वायफाय काही लागत नाही, आणि भावोजींचे छपाईयंत्रही रुसून बसले आहे. तेव्हा चिरंजीवांनी विंडोजमध्ये शिरून लिनक्सची खोली सरळ पुसून टाकली. भाडेकरू गेला, खोली मोकळी झाली, असा त्याचा हिशेब. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने यंत्र सुरू केले, तर काळ्याभोर पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'ग्रब रेस्क्यू' एवढेच शब्द आणि पुढे एक रेघ. इंग्रजीत ग्रब म्हणजे अळी. फ्लॉवरच्या गड्ड्यातल्या अळीलाही न भिणारी माझी बहीण ह्या अळीपुढे मात्र मटकन खाली बसली.

त्याला कारण होते. त्या लॅपटॉपमध्ये तिच्या सासूबाईंच्या ओव्या होत्या. सासूबाई साताऱ्याकडच्या. जात्यावरच्या कितीतरी ओव्या त्यांना तोंडपाठ होत्या, आणि त्यांच्या अखेरच्या चार वर्षांत ताईने दुपारी त्यांच्या उशाशी बसून चारशेच्या वर ओव्या उतरून घेतल्या होत्या. कोणती ओवी कोणाच्या लग्नात म्हटली, कोणती माहेरच्या आठवणीची, ह्याच्याही नोंदी होत्या. सासूबाई जाऊन सहा वर्षे झाली. आता त्या ओव्या पुन्हा कोणाला विचारणार?

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात यंत्र नेले. दुकानदाराने एकदा पडद्याकडे पाहिले आणि निकाल दिला, "विंडोज उडालीय. फॉरमॅट मारावा लागेल. संध्याकाळी घेऊन जा." फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्क पुसून नवा कारभार मांडणे. ताईने विचारले, "आणि आतलं?" तो म्हणाला, "आतलं काही राहणार नाही." ताईने लॅपटॉप पिशवीत घातला, घरी आली आणि मला फोन केला. "अरे, तुमच्या कॉलेजात कोणी जाणतं माणूस आहे का रे?"

होते. आमच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवणारे एक गृहस्थ आहेत. बोलणे कमी, चहा फार. रविवारी मी त्यांना डोंबिवलीला घेऊन गेलो. त्यांनी यंत्राला हात लावण्याआधी भाच्याला समोर बसवले आणि काय काय केले ते क्रमाने विचारले. ते रागावले नाहीत. शेवटी एवढेच म्हणाले, "विंडोज उडालेली नाही. तुझ्या आजीच्या ओव्याही कुठं गेलेल्या नाहीत. फक्त दार उघडत नाही."

मग त्यांनी समजावले ते असे. जुन्या पद्धतीच्या डिस्कच्या अगदी आरंभी 512 बाइटांची एक चिमुकली जागा असते. 1983 सालापासून ही पद्धत चालत आली आहे. त्यातले 446 बाइट पहारेकऱ्याच्या सूचनांसाठी, आणि उरलेल्या जागेत मुख्यतः डिस्कवरच्या खोल्यांचा तक्ता. आता 446 बाइट म्हणजे किती? युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. म्हणजे काना-मात्रा धरून दीडशे चिन्हेही त्यात मावायची नाहीत! एवढ्या जागेत पहारेकरी उभा राहतो; त्याचे बाकीचे सामान दुसरीकडे असते. लिनक्स बसवताना दाराशी लिनक्सचा पहारेकरी आला. त्याचेच नाव ग्रब. त्याच्या किल्ल्यांचा जुडगा लिनक्सच्या खोलीत होता. भाच्याने खोली पाडली, जुडगा ढिगाऱ्यात गेला, आणि पहारेकरी दाराशी तसाच उभा राहिला. विंडोज बिचारी पलीकडच्या खोलीत धडधाकट होती; तिला उठवणारे कोणी नव्हते.

"मग नवा पहारेकरी बसवा," भावोजी म्हणाले.

"आधी आतलं सामान बाहेर काढू," गृहस्थ म्हणाले, "दार नंतर."

सामान काढायला त्यांनी काय वापरावे? ज्याने हा घोटाळा झाला तोच लिनक्सचा पेनड्राइव्ह! लिनक्स डिस्कवर न बसवता नुसते पेनड्राइव्हवरूनही चालवून पाहता येते. तसे ते चालवले, विंडोजची खोली नुसती वाचण्यापुरती उघडली, आणि सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवायला लावल्या. तासाभराने ताई म्हणाली, "एकदा ओव्या उघडून दाखवा ना."

फाइल उघडली. पडद्यावर अक्षरे होती, पण मराठी नव्हती. इंग्रजी अक्षरे, कंस, चौकोन आणि प्रश्नचिन्हे ह्यांची खिचडी! ताई काही बोलली नाही. तिने भाच्याकडे पाहिले आणि ती आत निघून गेली. त्या पोराचा चेहरा मला पाहवेना.

इथे मात्र मराठीच्या मास्तराचा थोडा उपयोग झाला. ही खिचडी मी आमच्या विभागातल्या जुन्या प्रश्नपत्रिकांत पुष्कळ पाहिली आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 पासून स्वतःच्या जागा आहेत. पण आपल्याकडचे कितीतरी लेखन त्यानंतरही वर्षानुवर्षे जुन्या फॉन्टांत होत राहिले. ते फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवत. फॉन्ट जवळ असला तर ओवी दिसते. नसला तर खिचडी. तो फॉन्ट विंडोजच्या खोलीत होता, लिनक्सजवळ नव्हता. मी आत जाऊन ताईला सांगितले, "ओव्या आहेत. चष्मा तेवढा नाही." तिचा विश्वास बसला असे म्हणवत नाही, पण ती बाहेर आली.

पुढचे काम पाच मिनिटांचे. गृहस्थांनी दुसऱ्या संगणकावर 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजची सामग्री तयार करून आणली होती. त्यावरून यंत्र सुरू केले. पडद्यावर 'इन्स्टॉल' असे मोठे बटण येते. तिकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. कोपऱ्यात लहान अक्षरांत 'रिपेअर' असते, ते निवडले, आज्ञा टंकायची काळी खिडकी उघडली आणि भाच्याला म्हणाले, "तू टाइप कर." त्याने 'बूटरेक /फिक्सएमबीआर' अशी एक ओळ टंकली. तक्त्याला हात न लावता विंडोजचा जुना पहारेकरी दाराशी परत आला. यंत्र पुन्हा सुरू केले, ओळखीचा निळा पडदा आला, आणि ताईने फाइल उघडली. पहिली ओवी तिने मोठ्याने वाचली. दुसरी वाचायला तिला चष्मा पुसावा लागला.

त्याच आठवड्यात भाच्याने सगळ्या ओव्या युनिकोडमध्ये आणायला घेतल्या. रूपांतर करणारे साधन जोडाक्षरांत अडखळते, म्हणून तो एकेक ओवी आईपुढे वाचून तपासतो. आजीच्या ओव्या त्याने ह्यापूर्वी कधी नीट ऐकल्या नव्हत्या.

ज्यांच्या घरी असा हौशी मुलगा आहे, त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक. अलीकडच्या लॅपटॉपांत पहारेकऱ्यांना मिळून एक वेगळी खोली असते. तिथे विंडोजचा पहारेकरी सहसा शाबूत राहतो, आणि सुरुवातीच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' निवडले की पुष्कळदा काम भागते. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची 48 आकडी किल्ली आधी कागदावर उतरवून ठेवावी. लिनक्स काढायचे असेल, तर आधी पहारेकरी बदलावा, मग खोली पाडावी. आणि 'फॉरमॅट मारतो' असे कोणी म्हणाले, की आतल्या फाइली बाहेर निघाल्या का, हे विचारल्याशिवाय मान हलवू नये. पुसलेल्या डिस्कवरूनही कधीकधी काही परत मिळते; पण तिच्यावर नवा कारभार लिहिला गेला, की ती आशा झपाट्याने ओसरते.

लक्ष्मीपूजनाला आपले व्यापारी चोपड्यांची पूजा करतात. आपल्या घरातल्या चोपड्या आता ह्या डिस्कांत आहेत: मुलांचे फोटो, वडिलांची पत्रे, कोणाच्या ओव्या, कोणाच्या पाककृती. ह्या दिवाळीत फराळ उरकला की त्यांची एक दुसरी प्रत करा आणि ती दुसऱ्या कपाटात ठेवा. जमले तर भावाबहिणीच्या घरी ठेवा. भाऊबीज तोंडावर आलीच आहे.