'हॅव' कोणाकडे आहे?

गेल्या अंकात आम्ही 'गेट' या क्रियापदाविषयी लिहिले होते. या वेळी 'टेक' घेणार होतो, तयारीही झाली होती. पण मध्येच एक गोष्ट घडली आणि 'हॅव'ला रांग मोडून पुढे घ्यावे लागले.

आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी यंदा अकरावी सायन्सला गेली. दहावीपर्यंत सगळे उर्दूतून शिकली. गुण चांगले, अक्षर मोत्यासारखे. तिची अम्मी मोहल्ल्यातल्या बायकांचे कपडे शिवते, आमचेही तीच शिवते. मापाला गेलो तेव्हा टेप गळ्यात तशीच ठेवून ती म्हणाली, "मॅडम, जरा इसको समझाओ. बोलती, मेरेकू आर्ट्स लेनेका है." मुलगी आतल्या खोलीत होती. बाहेर आली ती हातात शाखा बदलायचा फॉर्म घेऊनच. "इतना भरके दो मॅडम."

कारण विचारले तर बराच वेळ बोलेना. मग हळूहळू बाहेर आले. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना उभे राहून इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायची होती. हिने आदल्या रात्री तयारी केली होती. नाव, गाव, शाळा नीट सांगितले. पुढे घरच्यांवर आली आणि म्हणाली, "माय टू ब्रदर्स आर. माय फादर इज नॉट."

शिकवणाऱ्यांनी विचारले, "नॉट व्हॉट?" मागच्या बाकावरून कोणीतरी वाक्य पुरे केले, "नॉट कमिंग!" वर्ग हसला. ही खाली बसली. त्यानंतर तिने वर्गात तोंड उघडले नाही.

तिचे अब्बा २०२१ साली कोरोनात गेले. हसणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. मुले आहेत, त्यांच्याविषयी आम्हाला फारसे काही म्हणायचे नाही. पण तिने केलेल्या चुकीविषयी म्हणायचे आहे. आम्ही काही इंग्रजीचे शिक्षक नाही, उर्दू आणि मराठी शिकवतो, आणि इंग्रजीचे सर रजेवर असले की बदली तास घेतो. कदाचित म्हणूनच ते वाक्य ऐकताच आम्हाला त्यामागची उर्दू स्पष्ट ऐकू आली. "मेरे दो भाई हैं. अब्बा नहीं हैं." मुलीने एकही शब्द गाळला नव्हता. प्रत्येक शब्दाला शब्द ठेवला होता. चूक एवढीच, की इंग्रजी जिथे 'हॅव' म्हणते तिथे आपल्याकडे तसे क्रियापदच नाही.

विचार करून पाहा. 'हॅव'ला मराठीत एक शब्द सांगा. शब्दकोश 'असणे' म्हणेल, पण 'असणे' म्हणजे तर 'बी'. "मी पुस्तक असतो" असे कोणी म्हणत नाही. आपण काय करतो, तर वस्तूला वाक्याचा मालक करतो आणि माणसाला बाजूला उभे करतो. 'पुस्तक आहे', कोणाकडे, तर 'माझ्याकडे'. आणि बाजूला उभे राहायच्या जागाही ठरलेल्या. भाऊबहिणींसाठी मराठीत 'मला', उर्दूत 'मेरे': मला दोन भाऊ आहेत, मेरे दो भाई हैं. पैसा, पुस्तक, मोबाइल यांच्यासाठी 'माझ्याकडे' किंवा 'माझ्याजवळ', उर्दूत 'मेरे पास', आणि आपल्या घरच्या दखनीत 'मेरे कने'. आजारासाठी 'मला ताप आहे', 'मुझे बुखार है'. घराला तीन खोल्या आहेत, घर में तीन कमरे हैं. 'मला', 'कडे', 'जवळ', 'मेरे', 'पास', 'मुझे', 'में' असे आपण जागा पाहून शब्द बदलतो आणि बदलतो हे आपल्याला कळतही नाही. इंग्रजी या सगळ्यांवर एकच 'हॅव' फिरवते. आय हॅव टू ब्रदर्स, आय हॅव अ बुक, आय हॅव अ फीवर, द हाऊस हॅज थ्री रूम्स.

अरबीची गंमत अशी की तीही आपल्यासारखीच. पुस्तक माझ्याकडे आहे म्हणायचे तर 'इंदी', म्हणजे 'माझ्यापाशी'. भाऊ आहे म्हणायचे तर 'ली', म्हणजे 'माझ्यासाठी, माझा'. आपण उठता बसता 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतो, त्यातला 'लि' तोच.

फारसीत मात्र 'हॅव'सारखे क्रियापद आहे, 'दाश्तन'. 'दारम' म्हणजे 'माझ्याकडे आहे'. त्यातले 'दार' आपल्या मराठीत कधीचे येऊन बसले आहे. मालदार म्हणजे माल असलेला, दुकानदार, जमीनदार, आणि मराठीने त्याला इतके आपले केले की समजूतदार आणि पाणीदारही घडवले. हे 'दार' आणि संस्कृतातले 'धारण', आपले 'धरणे', मुळात एकाच घराण्यातले. इंग्रजी 'हॅव'चीही कुंडली तशीच. त्याचा जुना अर्थ पकडणे. 'कॅप्चर', 'कॅप्टिव्ह' ज्या लॅटिन शब्दावरून आले तो 'हॅव'चा दूरचा नातलग. म्हणजे धरून ठेवले की 'माझे' झाले, अशी त्या दोन भाषांची रीत.

एवढे सांगून झाल्यावर मुलीच्या चेहऱ्यावर थोडे हसू आले. वहीचे मधले पान फाडून तिने आम्हाला दिले. आम्ही तिला एकच युक्ती सांगितली. इंग्रजी बोलताना वाक्य मनात आधी उर्दूतच येणार, येऊ द्यावे. त्यात 'मेरे पास', 'मेरे', 'मुझे' आणि शेवटी 'है' असे दिसले की थांबावे आणि माणसाला उचलून पुढे आणावे. 'मेरे दो भाई' यातला 'मेरे' आधी 'आय' होतो, मग 'हॅव', मग भाऊ. भूक आणि तहान तेवढी सांभाळावी, कारण "मुझे भूक है" याचे इंग्रजीत "आय ॲम हंग्री" होते, तिथे 'हॅव' चालत नाही. प्रत्येक भाषेच्या घरात एखादे दार असे वाकडे लागतेच.

आता 'हॅविंग'. आपल्याकडे "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स", "आय ॲम हॅविंग फीवर" हे सर्रास ऐकू येते, शिक्षकांच्या तोंडूनही. परीक्षेत त्याचे गुण जातात. भाऊ, ताप, घर या गोष्टी आपण 'करत' नसतो, त्या असतात, म्हणून तिथे नुसते 'हॅव'. पण 'हॅव'च्या जागी खाणे, पिणे, घेणे, करणे असे काही बसत असेल तर 'हॅविंग' बिनधास्त चालते. 'वी आर हॅविंग टी' म्हणजे चहा पीत आहोत. 'वी आर हॅविंग गेस्ट्स टुनाईट' म्हणजे रात्री पाहुणे यायचे आहेत. 'शी इज हॅविंग अ बेबी' याचा अर्थ सांगायला नको. नाश्ता, आंघोळ, गप्पा, भांडण, सगळे इंग्रज माणूस 'हॅव' करतो. बसा म्हणायलासुद्धा 'हॅव अ सीट'.

'हॅव टू' त्याहून सोपे. "मला जावे लागते", "मुझे जाना पडता है" म्हणजे 'आय हॅव टू गो'. बोलताना ते 'हॅफ टू' असे ऐकू येते, त्यामुळे मुले श्रुतलेखनात 'हाफ टू' लिहून ठेवतात. आम्ही तिला म्हणालो, तुझ्या अम्मीला विचार, तिला दिवसभरात काय काय 'हॅव टू' आहे.

अम्मी मशीनवर बसून ऐकत होती. तिने सातवीत शाळा सोडली. पण पुढचा धडा आम्हाला तिच्यामुळेच नीट सांगता आला.

मराठीत आपण सहज म्हणतो, "ईदचे कपडे शिवले." शिवले कोणी? शिंप्याने. आपण शिवून घेतले. उर्दूत यासाठी वेगळे रूप आहे, 'सिलवाए'. 'बनाया' आणि 'बनवाया', 'काटे' आणि 'कटवाए'. इंग्रजीत "आय स्टिच्ड माय ईद क्लोद्ज" म्हटले तर ऐकणारा समजणार की तुम्ही स्वतः मशीनवर बसलात. दुसऱ्याकडून करून घेतले तर 'हॅव' मध्ये आणायचे आणि क्रियापद शेवटी न्यायचे: 'आय हॅड माय ईद क्लोद्ज स्टिच्ड'. केस कापून घेतले, 'आय हॅड माय हेअर कट'. गवंड्याकडून घर बांधून घेतले, 'आय हॅड अ हाऊस बिल्ट'. बादशाहांना मात्र सूट आहे. शाहजहानने ताजमहालाची एकही वीट लावली नसेल, तरी इंग्रजी पुस्तके 'शाहजहान बिल्ट' असेच लिहितात.

अम्मीने मशीन थांबवले. "लोग बोलते, हमने कपडे सिलाए. सिए तो मैंने," ती म्हणाली आणि हसली. आम्ही मुलीला म्हणालो, बघ, 'हॅड माय क्लोद्ज स्टिच्ड' याचा सगळा नियम तुझ्या अम्मीने एका वाक्यात सांगितला. सिलानेवाले 'हॅड', सीनेवाली 'स्टिच्ड'.

मग ज्या वाक्यासाठी बसलो होतो त्याच्याकडे वळावे लागले. मुलीनेच विचारले, "तो अब्बा का कैसे बोलना था? आय डोन्ट हॅव फादर?"

व्याकरणाने 'आय डोन्ट हॅव अ फादर' बरोबर आहे. पण ते कानाला कोरडे लागते, आणि अब्बा कधी नव्हतेच असाही अर्थ त्यातून निघू शकतो. वडील 'माझ्याकडे नाहीत' असे आपण तरी कुठे म्हणतो? आम्ही लिहून दिले, 'माय फादर हॅज पास्ड अवे'.

तिने ते दोनदा वाचले. "मॅडम, इसमें 'हॅज' है. पर इसमें तो किसी के पास कुछ नहीं है."

प्रश्न अगदी बरोबर होता. इथे 'हॅव' मालकीण राहत नाही, मदतनीस होते. दुसऱ्या क्रियापदाच्या पुढे उभी राहते आणि सांगते की गोष्ट होऊन गेली, पण तिचा परिणाम आज शिल्लक आहे. 'आय हॅव ईटन', मी जेवले आहे, म्हणजे आता पोट भरलेले आहे. 'शी हॅज गॉन', ती गेली आहे, म्हणजे आता घरात नाही. हे काम आपण 'आहे'कडून करून घेतो, उर्दू 'है'कडून. 'अब्बा गुजर गए हैं' यातला 'हैं' म्हणजेच हा 'हॅज'. सगळ्या 'हॅव'मध्ये मुलांना हाच सर्वांत अवघड जातो, कारण शब्द तोच, पण अर्थातून 'जवळ असणे' पार निघून गेलेले असते.

यात आणखी एक खाच आहे आणि दहावी-बारावीच्या मुलांचे सर्वांत जास्त गुण तिथेच जातात. आपण मराठीत "मी काल पत्र लिहिले आहे" असे बिनदिक्कत म्हणतो. उर्दूतही "कल खत लिखा है" चालते. इंग्रजीत 'काल' आला, वार आला, साल आले की 'हॅव'ला निघावे लागते. 'आय हॅव रिटन यस्टरडे' चूक, 'आय रोट यस्टरडे' बरोबर. म्हणून नुसते सांगायचे असेल तर 'माय फादर हॅज पास्ड अवे'. साल सांगायचे असेल तर 'माय फादर पास्ड अवे इन २०२१', 'हॅज' नाही.

तिने दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहिली. दुसऱ्या वाक्यातला 'हॅज' चुकून आला होता, तो खोडला. मग म्हणाली, "साल बोला तो 'हॅज' निकल जाता." आम्ही हो म्हणालो. थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही.

निघताना फॉर्मचा विषय तिने काढला नाही, आम्हीही काढला नाही. तो आमच्या पर्समध्ये घडी करून ठेवलेला आहे. शाखा बदलायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. तोवर शनिवार आणि रविवारी असरनंतर तिने आमच्याकडे यायचे ठरले आहे, येताना वर्गात ऐकलेली पाच वाक्ये लिहून आणायची.

पहिल्या शनिवारी आली. पाच वाक्ये होती, त्यांतली दोन जीवशास्त्राच्या वहीतली. द सेल हॅज अ न्यूक्लिअस. "ये 'हॅज' अपना 'में' वाला है ना मॅडम? सेल में न्यूक्लिअस है." बरोबर होते. पानाच्या तळाशी मात्र तिने एक उर्दू वाक्य लिहिले होते आणि त्यापुढची जागा कोरी सोडली होती. 'अब्बा की बहुत याद आती है.'

आपल्याकडे आठवण येते, कोणीतरी दार वाजवून आत यावे तशी. इंग्रजीत आठवणीला असे येता येत नाही. आम्ही लिहिले, 'आय मिस माय फादर'.

"मॅडम, ये तो बस छूटती वो वाला 'मिस' है ना? आय मिस्ड द बस?"

तेच आहे, आम्ही म्हणालो. 'मिस'विषयी पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह.