सेन्सर खरं बोलत होता



आजचा विषय गाडीच्या बॉनेटखालचा आहे. "हे पुरुषांचं काम" म्हणून वाचायचं सोडू नका. गॅरेजचं बिल घरखर्चातूनच जातं आणि त्या गाडीत आपलीच माणसं बसतात.

आमची पेट्रोल गाडी २०११ सालची. गेल्या उन्हाळ्यात बाहुबलीचं दर्शन घेऊन सांगलीला परत येत होतो. सून गाडी चालवत होती, मागे मी आणि सहा वर्षांचा नातू. अंकलीच्या पुलाच्या अलीकडे गाडी झटके खाऊ लागली आणि भर रस्त्यात बंद पडली. मागे ट्रक हॉर्न वाजवतायत, नातू रडतोय. अर्ध्या तासाने सेल्फ मारला, तर काहीच झालं नसल्यासारखी चालू! पण सुनेच्या मनात जी भीती बसली, ती काही जाईना.

गॅरेजमध्ये गाडीला स्कॅनर लावला. कोड आला पी ०१७१, म्हणजे इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते आहे. ही खबर देतो तो ऑक्सिजन सेन्सर. म्हणून त्यांनी तोच बदलला, साडेचार हजार रुपये. आठवड्याने गाडी पुन्हा बंद पडली. मग पंप खराब असेल म्हणून टाकीतला फ्युएल पंप बदलला, सात हजार. चार दिवस बरी चालली आणि पुन्हा तेच. ह्यांनी तर गाडी विकायचीच ठरवली.

मी बी.कॉम. केलं त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण एक गोष्ट पक्की लक्षात आहे. तेरीज जुळली नाही, तर फरक दाखवणारा कागद कोणी फाडत नाही. चूक कुठल्या नोंदीत आहे ते शोधतात. इथे सेन्सर फरक दाखवत होता आणि आम्ही त्यालाच काढून टाकलं होतं.

भाच्याच्या ओळखीने एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी काही बदललं नाही, मोजलं. इंजिनाकडे येणाऱ्या पेट्रोलच्या नळीला प्रेशर गेज लावला. आमच्यासारख्या बहुतेक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत हे प्रेशर साधारण तीन बारच्या आसपास असतं. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. उभ्या गाडीत काटा ठीक होता. इंजिन तापलं आणि ॲक्सिलरेटर दाबला, तसा काटा दोनच्याही खाली आला. म्हणजे पेट्रोल खरंच कमी पडत होतं. बिचारा सेन्सर पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता.

पण पंप तर नवा! मग त्यांनी पंप चालू असताना त्याच्यापर्यंत वीज किती पोचते ते मीटरने पाहिलं. "बंद पंपावर मोजलं तर व्होल्टेज पूर्णच दिसतं वहिनी, काम करताना मोजायला हवं," ते म्हणाले. बॅटरीकडे पूर्ण बारा-साडेबारा, पंपाकडे जेमतेम साडेनऊ. मागच्या सीटखाली पंपाच्या अर्थिंगच्या वायरचा बोल्ट गंजला होता. तो घासून साफ केला, घट्ट आवळला आणि प्रेशर जागेवर आलं. त्याला आता दहा महिने झाले, गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

साडेअकरा हजार गेले आणि दुखणं होतं एका गंजलेल्या बोल्टात. शिवाय चांगला सेन्सर भंगारात गेला. घरात पोळीसुद्धा वाया जाऊ नये म्हणून जपणाऱ्या आपण, हे कसं चालवून घेतो?

त्या गॅरेजवाल्यालाच दोष देऊन मी मोकळी होणार नाही. आपणही गाडी टाकताना म्हणतो, "संध्याकाळपर्यंत द्या." नवा पार्ट घातला की त्याचे पैसे निमूट देतो, पण कोणी तासभर तपासण्याचे पाचशे मागितले तर म्हणतो, "नुसतं बघायचे पैसे?" मग तोही अंदाजाने पार्ट बदलतो. माझं स्पष्ट मत आहे की तपासणीचे पैसे वेगळे आणि आनंदाने द्यावेत. डॉक्टरांनी तपासायच्या आधीच गोळ्या दिल्या तर आपण घेऊ का?

कोड म्हणजे तक्रार असते, तो खराब पार्टचं नाव सांगत नाही. पी ०१७१ प्रेशर कमी असल्यानेही येतो, हवेची नळी फाटल्यानेही आणि हवा मोजणारा सेन्सर मळल्यानेही. उलट प्रेशर बरोबर असून गाडी तापल्यावरच बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर चालू होत असेल, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यावा. तो तापल्यावर दगा देतो. इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर कायम "थंड आहे" म्हणत राहिला, तर पेट्रोल जास्त जातं, ॲव्हरेज घसरतं आणि धुराला पेट्रोलचा वास येतो. लक्षण एकसारखं दिसलं तरी कारण वेगळं असू शकतं, म्हणून मोजायलाच हवं.

आपण घरी काय करू शकतो? गाडी कधी बंद पडली, इंजिन गार होतं की तापलेलं, टाकीत पेट्रोल किती होतं, किती वेळाने चालू झाली, हे हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. चावी फिरवल्यावर सेल्फ मारायच्या आधी बऱ्याच गाड्यांत मागून दोन सेकंद बारीक घूं आवाज येतो, तो पंपाचा. तो नेहमी येत असेल आणि एके दिवशी आला नाही, तर मिस्त्रींना नक्की सांगा. टाकी अगदी तळाला जाऊ देऊ नका, कारण पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. मात्र पेट्रोलची नळी स्वतः कधीही उघडू नका. तिच्यात दाब असतो आणि तापल्या इंजिनावर पेट्रोल उडालं तर आग लागते.

आणि गॅरेजमध्ये नम्रपणे पण ठामपणे दोनच प्रश्न विचारा. "प्रेशर किती आलं?" आणि "हा पार्ट खराब आहे हे कशावरून ठरवलं?" उत्तरात आकडा आला तर खुशाल काम सांगा. "बदलून बघू" असं आलं, तर गाडी घेऊन घरी या.

परवा सून एकटीच नातवाला घेऊन बाहुबलीला जाऊन आली. निघताना चावी फिरवून दोन सेकंद थांबली, मागचा आवाज ऐकला आणि मगच सेल्फ मारला. मी दारातून बघत होते.