खाज अंगाला, औषध बांधावर

पुण्यात १९५५ साली प्रथम आढळलेलं गाजर गवत आज वाघोलीच्या बांधावर, मोकळ्या प्लॉटवर माजलं आहे. त्यातील पार्थेनिनमुळे पापण्या, मान, कोपराच्या लवणीला खाज सुटते, कातडी चिघळते. ॲलर्जी जडली की वाऱ्याने उडणारा वाळका चुराही पुरतो. दुकानातली स्टिरॉइडची ट्यूब परस्पर चोळू नका. नायटा असेल तर उलट पसरेल. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

पण खरा इलाज मुळावरच. फुलोऱ्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून उपटा. ॲलर्जीवाल्याने मात्र हात लावू नये. एकट्याने भागायचं नाही, शेजारचं बी तुमच्याच रानात येणार. सरपंच, ग्रामसेवकांनी गायरान अन् रस्त्याकडेचं पाहावं. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत गेली. तिथे अर्ज वॉर्डात द्या, पण बांध आपला आपणच साफ करा.