नातवाचा कीबोर्ड आजोबांनीही वाजवावा

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या, की सोसायट्यांच्या फाटकांवर निरनिराळ्या वर्गांच्या जाहिराती झळकू लागतात. ‘पियानो शिका, बुद्ध्यांक वाढवा’, ‘गणितात हुशार व्हायचंय? मग कीबोर्ड शिका’ असे दावे त्यांत सर्रास दिसतात. पालक फी भरतात, हप्त्यावर कीबोर्ड आणतात आणि सहामाहीच्या गुणपत्रिकेत फरक पडला नाही, की क्लास बंद होतो. कीबोर्ड कपाटावर जातो. ज्या घरात हे घडते, त्याच घरातल्या निवृत्त आजोबांना ‘या वयात काय शिकायचं?’ असे वाटत असते आणि त्यांना ‘तुम्हीही बसा’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे मुलाकडून वाद्याच्या नावाने भलतीच अपेक्षा आणि वृद्धाकडून काहीच नाही. विज्ञान जे सांगते, ते याच्या बरेचसे उलट आहे.

या समजाचे मूळ 1993 सालच्या एका प्रयोगात सापडते. कॅलिफोर्निया विद्यापीठात 36 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोत्झार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना 10 मिनिटे ऐकवली गेली. त्यानंतर आकृत्यांच्या घड्या, वळणे मनात ओळखण्याच्या चाचणीत त्यांना थोडे अधिक गुण पडले. हा परिणाम 10 ते 15 मिनिटांत ओसरला. या प्रयोगात लहान मुले नव्हती, कोणी पियानो वाजवलाही नव्हता. तरीही ‘मोत्झार्ट ऐका, हुशार व्हा’ अशी हाकाटी झाली. 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तर प्रत्येक नवजात बाळाला अशा संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी सरकारी निधी मागितला. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम अगदी किरकोळ निघाला; आवडीचे काही ऐकल्यावर मन प्रसन्न आणि सावध होते, एवढाच त्याचा बराचसा अर्थ होता.

ऐकणे वेगळे आणि शिकणे वेगळे, असे कोणी म्हणेल. ते बरोबरच आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात 144 सहा वर्षांच्या मुलांचे चार गट केले होते. दोन गटांना वर्षभर कीबोर्ड किंवा गायन शिकवले, एकाला नाट्य, तर चौथ्याला काहीच नाही. संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी सात गुणांनी वाढला, पण इतरांचाही चारपेक्षा थोडा अधिक वाढला. फरक तीन गुणांहून कमी. 2020 मध्ये अशा 54 अभ्यासांची, सुमारे सात हजार मुलांची एकत्रित छाननी झाली. अभ्यासाची आखणी जितकी काटेकोर, तितका बुद्धीवरचा परिणाम शून्याच्या जवळ, असे तिच्यात दिसले.

मग वाद्याने मेंदूत काहीच घडत नाही का? घडते. 15 महिने कीबोर्ड शिकलेल्या मुलांच्या मेंदूचे एमआरआय तपासले असता बोटांची हालचाल आणि श्रवण यांच्याशी संबंधित भागांत बदल आढळले. मात्र त्या मुलांची प्रगतीही बोटांच्या कौशल्यात आणि सूर-ताल ओळखण्यातच दिसली. मेंदू ज्याचा सराव करतो, त्यात तरबेज होतो. गणित यायला गणितच सोडवावे लागते. मुलाने वाद्य शिकावे ते वाद्य यावे म्हणून, रोज थोडे थोडे करत राहिले की अवघड गोष्ट जमते हे त्याला कळावे म्हणून. हे काही कमी नव्हे.

साठीनंतरच्या मेंदूचा प्रश्न वेगळा आहे. तिथे बुद्ध्यांकाची चढाओढ नसते. जे आहे ते टिकवायचे असते. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो, एका वेळी दोन गोष्टी लक्षात ठेवणे जड जाते, कामाचा वेग मंदावतो. निवृत्तीनंतर नवे काही शिकण्याची सक्तीही संपते. अशा वेळी पियानो किंवा कीबोर्ड मेंदूला बरीच कामे एकदम देतो. डोळे स्वरलिपीत पुढचा स्वर पाहतात, डावा आणि उजवा हात वेगवेगळ्या हालचाली करतात, कान चूक पकडतात आणि पुढच्याच क्षणी बोटांना ती सुधारावी लागते. लहान मेंदू या सगळ्याची वेळ सांभाळतो. आपल्या पेटीचेही तसेच: एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर, आणि कान गाणाऱ्याकडे.

2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात 60 ते 85 वर्षांच्या व्यक्तींना सहा महिने पियानो शिकवला गेला. लक्ष एकीकडून दुसरीकडे वळवण्याच्या आणि वेगाच्या काही चाचण्यांत त्यांची प्रगती दिसली. त्यानंतर जिनिव्हा आणि हॅनोव्हर येथे 62 ते 78 वर्षांच्या 132 निरोगी निवृत्तांवर मोठा प्रयोग झाला. निम्मे पियानो शिकले. उरलेल्यांनी संगीत समजून घेत ऐकण्याचे धडे घेतले. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत कार्यस्मृती, म्हणजे मनात माहिती धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता, काहीशी सुधारली. श्रवणाशी संबंधित उजव्या बाजूचा एक भाग ऐकणाऱ्यांमध्ये किंचित घटला, तर पियानो शिकणाऱ्यांमध्ये तो टिकून राहिला. पण मेंदूचे वयपरत्वे एकूण आक्रसणे कोणत्याही गटात थांबले नव्हते. म्हणून ‘पियानोने मेंदू तरुण होतो’ ही जाहिरातही खोटीच ठरेल.

स्मृतिभ्रंशाबाबतही शब्द जपून वापरायला हवेत. न्यूयॉर्कमध्ये 75 वर्षांवरील 469 जणांचा काही वर्षे पाठपुरावा झाला होता. वाचन, पटावरचे खेळ, नृत्य आणि वाद्यवादन करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. परंतु ज्याचा मेंदू मुळात धडधाकट आहे, तोच वाद्य वाजवत राहतो, असेही असू शकते. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचे 14 टाळता येण्याजोगे धोके सांगितले. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, नैराश्य आणि एकटेपणा आहेत. या सर्वांवर मात केली, तर सुमारे 45 टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील, असा अंदाज आहे. रक्तदाबाची गोळी बंद करून पेटी वाजवत बसण्यात शहाणपण नाही. विसरभोळेपणा वाढत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा विकार, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्य ही उपचार होऊ शकणारी कारणे त्यामागे असू शकतात. वाद्य शिकताना सूर अस्पष्ट वाटू लागले, तर श्रवण तपासून घ्यावे.

हे सांभाळून सुरुवात करायची तर रोज अर्धा तास पुरे. येत असलेलेच गाणे पुन्हा पुन्हा वाजवण्यात आनंद आहे, पण मेंदूला खाद्य मिळते ते नव्या, थोड्या अवघड धड्यातून. शिकवणारे कोणी असले, तर चूक कळते आणि आठवड्यातून एकदा माणसांत जाणेही होते. बोटे किंवा मनगट दुखू लागले, तर थांबावे. दुखणे सोसून केलेला सराव अपाय करतो.

आणि यासाठी पैसेही फार लागत नाहीत. अनेक ज्येष्ठ नागरिक संघांकडे भजनापुरती बाहेर निघणारी पेटी असते. विरंगुळा केंद्रांत पत्ते आणि कॅरम असतो. तिथे आठवड्यातून दोनदा पेटीचा वर्ग भरवणे महापालिकांना किंवा नगरपालिकांना अवघड नाही. शाळांतली वाद्ये संध्याकाळी कुलपातच असतात, तीही वापरता येतील. तोवर घरच्या कपाटावरचा कीबोर्ड खाली काढावा. नातवाला सा-रे-ग-म येतच असेल. पहिला धडा आजोबांना आणि आजींना त्यानेच द्यावा.