अकरावीचा फॉर्म

उत्तर व्हर्जिनियात जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे पुढच्या वर्षीचे विषय निवडण्याचे दिवस. दहावीतल्या मुलांच्या हाती शाळेचा फॉर्म पडतो आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून मराठी शाळेच्या पार्किंगपर्यंत आम्हा आयांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: एपी की आयबी? आमच्या फेअरफॅक्स काउंटीत तो जास्तच टोचतो. इथल्या काही सरकारी हायस्कूलांत ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट आहे, काहींत इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, आणि शाळा ठरते घराच्या पत्त्यावरून. दुसरा अभ्यासक्रम हवा असेल तर शाळा बदलून मागता येते. म्हणून मग रात्र-रात्र चर्चा.

या चर्चेचा रोख मला खटकतो. ‘कॉलेजवाले कशाला जास्त मानतात?’ याच्यापुढे ती सरकतच नाही. आपण बोर्डाच्या टक्क्यांवर आणि प्रवेश परीक्षेच्या गुणांवर वाढलेली माणसं. सगळ्यांना एका रांगेत उभं करायचं आणि नंबर बघायचा, हे आपल्या अंगात मुरलंय. इथली रीत वेगळी आहे. मुलाच्या अर्जाबरोबर शाळेचा काउन्सेलर एक अहवाल पाठवतो. कॉमन ॲप या सामाईक प्रवेश अर्जातल्या या अहवालात विचारलेलं असतं की, याच शाळेतल्या बाकीच्या मुलांच्या मानाने याने निवडलेले विषय किती कठीण होते. सोबत शाळा काय काय शिकवते याची माहितीही जाते. आयबीच्या शाळेतल्या मुलीला ‘तू एपी का घेतलं नाहीस?’ असं कोणी विचारत नाही. तेव्हा निव्वळ प्रवेशासाठी मुलीला मैत्रिणींपासून तोडून लांबच्या शाळेत घालणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, असं करू नका.

फरक आहे तो अभ्यासाच्या जातीत, आणि तो कळायला दोन्ही कशासाठी सुरू झाले ते पाहावं. एपी अमेरिकेतच 1950च्या दशकात जन्मलं. हुशार मुलांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास शाळेतच करावा, म्हणजे पुढे तेच पुन्हा शिकावं लागू नये, हा हेतू. 1956पासून त्याच्या परीक्षा कॉलेज बोर्ड घेतं. त्यामुळे एपीचे विषय सुटे आहेत. कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र घ्या, इतिहास साधा घ्या, कोणाची हरकत नाही. मे महिन्यात एक मोठी परीक्षा, 1 ते 5 गुण, संपलं.

आयबी 1968 साली जिनिव्हात उभं राहिलं, ते राजदूत आणि आंतरराष्ट्रीय संस्थांतल्या लोकांच्या मुलांसाठी. वडिलांची बदली झाली की देश बदलायचा, शाळा मात्र तुटू नये. म्हणून त्यात अकरावी-बारावीची दोन वर्षं एकसंध बांधलेली आहेत. सहा विषय, त्यांतले निदान तीन वरच्या पातळीचे, शिवाय दुसरी भाषा सक्तीची. त्यावर थिअरी ऑफ नॉलेज, म्हणजे आपल्याला जे ठाऊक आहे ते कशाच्या आधारावर, याचा विचार करायला लावणारा तास. खेळ, कला, समाजसेवा यांचाही हिशेब द्यावा लागतो. प्रत्येक विषयाला 7 गुण, वरचे 3 धरून एकूण 45.

आणि मग तो एक्स्टेंडेड एसे. 4,000 शब्दांपर्यंतचा निबंध, विषय मुलाने स्वतः निवडायचा, प्रश्न स्वतः मांडायचा, पुरावे स्वतः शोधायचे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने 1982चा मुंबईचा गिरणी संप घेतला. त्याचे आजोबा लालबागचे. आधी तो त्यांच्याशी फोनवर ‘जेवलात का, आजोबा?’च्या पुढे जात नसे. मग दर शनिवारी तासभर बोलू लागला. दत्ता सामंत कोण, संप मोडला की नुसता विरत गेला, पगार थांबल्यावर चाळीत चूल कशी पेटायची, सगळं विचारलं. नंतर जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या बातम्या वाचल्या आणि त्या आजोबांच्या आठवणींशी जुळत नाहीत म्हणून अस्वस्थ झाला. सोळा-सतराव्या वर्षी ही अस्वस्थता वाट्याला येणं मला फार मोलाचं वाटतं. आयबीच्या बाजूने मी बोलते ती मुख्यतः यासाठी. एपीतही सेमिनार आणि रिसर्च असे दोन विषय आहेत, पण ते सगळ्या शाळांत नसतात आणि कोणाला सक्तीचेही नाहीत.

पण एखाद्या मुलाला गणिताचंच वेड असेल, तो कॅल्क्युलस कधीच संपवून पुढचं मागत असेल, तर सहाही विषयांत बांधून त्याला कोंडू नये. त्याला एपीची शाळा बहुधा बरी, तिथे वेगाने पुढे जाता येतं. अशा कारणासाठी शाळा बदलणं मला पटतं.

फीचा प्रश्नही खराच आहे. चांगल्या गुणांवर बरीच विद्यापीठं क्रेडिट देतात आणि एखादं सत्र वाचू शकतं. मात्र आयबीतल्या वरच्या पातळीच्या विषयांनाच क्रेडिट देणारी विद्यापीठं पुष्कळ आहेत, आणि कॅलटेकसारखी संस्था एपीला देत नाही, आयबीलाही नाही. मनातल्या कॉलेजचा तक्ता आधीच उघडून बघावा. व्हिसाच्या टांगत्या तलवारीखालच्या घरांनी आणखी एक लक्षात घ्यावं. भारतीय विद्यापीठ संघ आयबी डिप्लोमाला बारावीच्या बरोबरीचा मानतो, आणि मुंबई-पुण्यात आयबीच्या शाळा आहेत. मुळशीचं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज 1997पासून तेच शिकवतं.

मला खरी भीती वाटते ती एपी मोजण्याची. कोणाचा मुलगा सहा घेतो, कोणाची मुलगी नऊ. रात्री दीडला दिवा चालू, सकाळी बससाठी उठवताना रडारड, तबल्याचा क्लास सुटलेला. हे मी एकाहून अधिक घरांत पाहिलंय. वरचे दोन विषय कमी केल्याने त्या मुलांचं काय बिघडलं असतं, याचं उत्तर मला कोणत्याही पालकाने दिलेलं नाही.

मधली वाटही असते, तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. अनेक शाळांत पूर्ण डिप्लोमा न करता आयबीचे हवे तेवढेच विषय घेता येतात. शेजारची मुलगी यंदा तेच करायचं म्हणते. इतिहास, इंग्रजी आणि जीवशास्त्र आयबीचं, बाकी साधं, आणि ऑर्केस्ट्रातलं व्हायोलिन चालू. तिने बारावीतल्या मुलींना कोणते शिक्षक खरंच शिकवतात ते विचारलं, एक दिवस त्या वर्गात बसूनही आली. वडिलांना डिप्लोमा हवा होता. ‘मावशी, तुम्ही बाबांशी बोला ना,’ म्हणाली. मी बोलले. शुक्रवारी फॉर्म द्यायचाय, अजून सही झालेली नाही.