मेणवलीच्या वाड्याला वर्षाचा उत्सव हवा



जुने वाडे जगवायचे तर ते लग्नकार्यांना आणि चित्रीकरणाला भाड्याने द्यावेत, असा सूर हल्ली वारंवार ऐकू येतो. मला तो साफ अमान्य आहे. कौले, लाकूड, चुना, दर पावसाळ्यातली गळती, हा खर्च एका कुटुंबाला पेलत नाही, हे मान्य. पण पैसा कोणत्या वाटेने येतो, यावर वास्तूचे आयुष्य ठरते. मांडववाल्यांना भिंतीशी देणेघेणे नसते.

याहून चांगली वाट आहे. इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये ग्लाइंडबोर्न ही जुनी जमीनदारी आहे. मालक जॉन ख्रिस्टी आणि त्यांची गायिका पत्नी ऑड्री मिल्डमे यांनी १९३४ मध्ये तिथे ऑपेराचा वार्षिक महोत्सव सुरू केला. घरातल्या दालनांत गर्दी कोंबण्याऐवजी त्यांनी घरालगत सुमारे ३०० आसनांचे नाट्यगृह बांधले. रसिक वाढले तेव्हा १९९४ मध्ये त्या जागी १,२०० आसनांचे नवे उभे राहिले. लांब मध्यंतरात लोक हिरवळीवर बसून जेवतात. हा उन्हाळी महोत्सव सरकारी अनुदानाशिवाय चालतो. तिकिटे महाग असतात. ते मात्र आपण उचलू नये.

वाईपासून हाकेच्या अंतरावर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. सहा चौक, कृष्णेचा घाट, मेणेश्वराचे देऊळ, वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा. तरुणांना मात्र हे गाव आठवते ते ‘स्वदेस’ चित्रपटामुळे. उत्तर पेशवाईचा इतिहास ज्या मोडी कागदांवर उभा आहे, त्यांतले मेणवली दप्तर आज पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. ते जिथे जपले गेले त्या गावात त्यातली चार पत्रे तरी दरवर्षी मोठ्याने वाचली जायला नकोत का?

अशा वार्षिक उत्सवाला थंडीत तीन दिवस पुरेत. सकाळी मोडी वाचनाचे वर्ग, दुपारी पत्रांचे वाचन आणि त्यांवर जाणकारांची चर्चा, संध्याकाळी घाटावर कीर्तन. माणसे बाहेरून आणायची गरज नाही. विश्वकोशाचे काम वाईत झाले, प्राज्ञपाठशाळा वाईतच आहे, आणि घाटाघाटांवर होणारा कृष्णाबाईचा उत्सव वाईकर पिढ्यान्‌पिढ्या पार पाडत आले आहेत.

गर्दीने वाडा खचेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून कार्यक्रम घाटावर आणि गावात व्हावेत. वाड्यात एका वेळी मोजकीच माणसे, माडीवर त्याहून कमी. वाडा खासगी आहे, तेव्हा मालक फडणीस कुटुंबाची संमती सर्वांत आधी. जमेल ती रक्कम वाड्याच्या डागडुजीसाठीच राखून ठेवावी आणि हिशेब गावात जाहीर लावावा.

पर्यटन विभागाने यात निम्मा खर्च उचलावा, उरलेला आपण वाचक वर्गणीतून उभा करू. वाईकरांनी येत्या हिवाळ्याआधी एक बैठक बोलवावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा