छागल सोबत घ्या

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याकडे मे महिन्यात निघालेल्या पाहुण्यांच्या पिशवीत दुर्बीण असते, सनस्क्रीन असतं, पण छागल नसते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. पारा ४५च्या घरात गेला की प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी चहासारखं तापतं. जाड कापडाच्या छागलीतून मात्र पाणी किंचित झिरपतं, बाहेर वाळताना आतली उष्णता ओढून घेतं. हवा कोरडी हवी, म्हणून कोकणातल्या दमट हवेत तिचा फारसा उपयोग नाही; यवतमाळच्या उन्हाळ्यात ती हमखास चालते. नवी छागल आधी रात्रभर भिजत ठेवा, धागे फुगले की गळती थांबते. सोबत दुपट्टा घ्याच: डोक्याला, तोंडाला, वेळ पडली तर मोडल्या हाताला झोळी म्हणून. खिशातल्या कांद्याने ऊन लागत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. माझ्या मते तो भाकरीबरोबर खाल्लेलाच बरा. बाभळीच्या काट्यासाठी आमच्या बायाबापड्यांच्या बांगडीला अडकवलेली पिन पुरते, मोज्यांतल्या कुसळांसाठी छोटा चिमटा. पावसाळ्यात पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाकडे जाऊन बाहेरच मुक्काम करणार असाल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे ठेवा. भिजले तरी ते पेटतात आणि ओल्या काटक्यांना धग देतात. अभयारण्यात मात्र काडीसुद्धा ओढायची नाही. तिथलं वाळलं गवत एका ठिणगीने जातं.